टेंडर निघायच्या आधी

अमेरिकन आर्मीत आठ वर्षं काढून बाहेर पडलो तेव्हा उजवा गुडघा कामातून गेला होता आणि डाव्या कानाला कमी ऐकू येत होतं. आज सॅन अँटोनियोत माझी साफसफाईची कंपनी आहे. एकोणीस माणसं कामाला आहेत आणि निम्म्याहून जास्त काम सरकारी इमारतींमध्ये चालतं. गेल्या वर्षभरात, ग्रीन कार्डावर भरती होऊन नुकत्याच सुटलेल्या तीन मराठी मुलांनी मला एकच प्रश्न विचारला, "दादा, डिसेबल्ड व्हेटरनच्या कंपनीला सरकारी कामं मिळतात म्हणे, ती कशी?" त्यांना फोनवर तुकड्यातुकड्यांत जे सांगितलं ते इथे सलग लिहितो.

"मी कुठे अपंग आहे, चांगला चालतो-फिरतो," असं म्हणून आपली बरीच माणसं पहिल्याच पायरीवर थांबतात. तसं करू नका. इथे विचारतात ते एवढंच, की दुखापत किंवा आजार सेवेमुळे झाला का. व्हीएने, म्हणजे माजी सैनिकांच्या खात्याने, तसं मान्य केलं की रेटिंग, म्हणजे त्यांनी ठरवलेली अपंगत्वाची टक्केवारी, शून्य असली तरी तुम्ही पात्र ठरता. माझं ३० टक्के आहे. कंपनीची किमान ५१ टक्के मालकी अशा व्हेटरनची हवी आणि कारभारही त्याच्याच हातात हवा. कंपनी अशी असल्याचं सर्टिफिकेट २०२३ पासून एसबीए, म्हणजे छोट्या उद्योगांचं सरकारी खातं, देते, ते तीन वर्षं चालतं आणि त्याला फी नाही. त्याआधी सॅमवर, म्हणजे सरकारी कंत्राटांच्या अधिकृत वेबसाइटवर, कंपनीची नोंदणी करावी लागते, तीही फुकट. ती नोंदणी झाली रे झाली की "नूतनीकरण बाकी आहे, पैसे भरा" अशी हुबेहूब सरकारी वाटणारी पत्रं यायला लागतात. पहिल्या वर्षी मी त्यातल्या एकाला ५९९ डॉलर देऊन बसलो. नूतनीकरण दरवर्षी करावं लागतं हे खरं, पण ते स्वतः लॉगिन करून करायचं आणि त्याला एक सेंटही लागत नाही.

त्या ५१ टक्क्यांबद्दल जरा थांबून सांगतो. सर्टिफिकेट मिळाल्याची बातमी पसरली आणि गणपतीत आरतीनंतर एका ओळखीच्या गृहस्थांनी मला बाजूला घेतलं. नाव तुझं, ५१ टक्के कागदावर तुझे, महिन्याला ठरलेली रक्कम घरपोच, बाकी सगळं आम्ही बघतो. घराचे हप्ते चालू होते, मोह झाला. पण हा सरळसरळ गुन्हा आहे. सरकारची फसवणूक केल्याबद्दल घेतलेल्या पैशांच्या तिप्पट वसुली होऊ शकते, आणि अशा बोगस कंपन्या चालवल्याबद्दल लोक तुरुंगात गेले आहेत. कंपनी खरोखर तुमची असली तरी दुसरा एक नियम आहेच. साफसफाईसारख्या सेवांच्या राखीव कंत्राटात, म्हणजे फक्त अशा कंपन्यांसाठी ठेवलेल्या कामात, मिळालेल्या रकमेतले ५० टक्क्यांहून जास्त पैसे तुम्ही सर्टिफिकेट नसलेल्या उपकंत्राटदाराला देऊ शकत नाही. काम स्वतः करायची तयारी हवी.

आता मुख्य गोष्ट. १९९९ च्या कायद्याने केंद्र सरकारच्या खरेदीपैकी ३ टक्के रक्कम अशा कंपन्यांकडे जावी असं उद्दिष्ट ठरलं, आणि अलीकडे ते ५ टक्के झालं. आकडा ऐकून वाटतं की सर्टिफिकेट घेतलं की काम दारात येईल. मलाही तसंच वाटलं. पहिल्या वर्षात चौदा टेंडरं भरली, एकही लागलं नाही. मग एपेक्स अॅक्सेलरेटरच्या ऑफिसात गेलो (ही सरकारी मदतीवर चालणारी केंद्रं आहेत, सल्ला फुकट मिळतो). तिथल्या बाईंनी माझी यादी बघून एकच विचारलं, "यातल्या किती कामांच्या सोर्सेस सॉटला तुम्ही उत्तर दिलं होतं?" एकाही नाही.

टेंडर काढण्याआधी बरीच ऑफिसं सॅमवर सोर्सेस सॉट नावाची सूचना टाकतात: असं काम येणार आहे, कोण करू शकतं? त्यात दर द्यायचा नसतो, म्हणून नवीन माणूस ती सोडून देतो. पण काम कोणासाठी राखून ठेवायचं हे इथेच ठरतं. रास्त दरात काम करू शकणाऱ्या आपल्यासारख्या किमान दोन कंपन्या बोली लावतील अशी वाजवी खात्री कॉन्ट्रॅक्टिंग ऑफिसरला वाटली, तर तो काम राखीव करू शकतो. व्हीएमध्ये तर त्याला ते करावंच लागतं. २०१६ मध्ये किंगडमवेअर खटल्यात सुप्रीम कोर्टाने एकमताने तसा निकाल दिला. पण दोन कंपन्या आहेत हे त्याला कळणार कसं? तुम्ही लिहून कळवलंत तर. नाही कळवलंत, तर तेच टेंडर सगळ्यांना खुलं होतं आणि तुम्ही दोनशे माणसांच्या कंपनीसमोर उभे राहता.

त्यानंतर मी एका दवाखान्याच्या सूचनेला तीन पानी उत्तर पाठवलं. किती माणसं, कुठली यंत्रं, याआधी किती चौरस फूट सांभाळले, सर्टिफिकेट कधीपर्यंत आहे, एवढंच. दोन महिन्यांनी टेंडर आलं ते राखीव होऊनच.

साइट व्हिजिट चुकवू नका. त्या दवाखान्यात मी पुठ्ठ्यावर पेन्सिलीने बेसिन आणि कमोड मोजत फिरलो, अडतीस भरले. नकाशात मागच्या कॉरिडॉरला कार्पेट दाखवलं होतं, प्रत्यक्षात व्हिनाइलच्या टाइल्स होत्या. म्हणजे जुनं वॅक्स खरवडून नवीन चढवणं आलं, तेही वर्षातून चारदा, रात्रीच्या पाळीत. मी तिथेच लेखी प्रश्न दिला, त्यांनी टेंडरमध्ये दुरुस्ती काढली आणि माझा दर त्या दुरुस्तीवर बसला. काम आम्हाला मिळालं.

दुसऱ्या कामात मात्र मार खाल्ला. कंत्राटाला वेज डिटर्मिनेशन जोडलेलं असतं, त्यात प्रत्येक कामाचा किमान तासाचा दर असतो. तो मी बघितला, पण खालची हेल्थ अँड वेलफेअरची, म्हणजे आरोग्य विम्यासारख्या सवलतींसाठीची, ओळ हिशेबात धरली नाही. ती रक्कम मूळ दरावर वेगळी द्यावी लागते आणि २०२४ मध्ये तासाला पाच डॉलरच्या आसपास होती. आठ माणसं, अख्खं वर्ष. करार केलेला, त्यामुळे पदरचे घालून काम पुरं केलं.

पैशांचं वेळापत्रकही आधीच मांडा. नियमाने बिल बिनचूक पोचल्यापासून ३० दिवसांत पैसे यायला हवेत. माझं पहिलं बिल महिना संपल्यावर गेलं आणि पैसे सव्विसाव्या दिवशी आले, म्हणजे उशीर झाला असंही म्हणता येत नाही. पण तोवर पंधरवड्याचे तीन पगार वाटून झाले होते. म्हणून बँकेकडून लाइन ऑफ क्रेडिट, म्हणजे लागेल तेव्हा उचलता येणारं कर्ज, टेंडर भरायच्या आधीच मंजूर करून ठेवा. सरकारी वर्ष ३० सप्टेंबरला संपतं, उरलेला निधी खर्च करायला ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये कंत्राटांची घाई उडते, आणि कधी कधी सही झाल्यापासून दहाव्या दिवशी माणसं कामावर हजर करावी लागतात. माझ्या बँकेला कागद तपासायलाच पाच आठवडे लागले होते.