स्पॅनिशमधील ‘नूतनीकरण’: रेनोबार आणि त्याच्या जवळच्या क्रियापदांबाबत या चुका टाळा

पासपोर्ट असो, दुकानाचा परवाना असो की गावातले जुने नाट्यगृह असो, मराठीत या तिन्हींचे ‘नूतनीकरण’च होते. इंग्रजीत मात्र पासपोर्ट आणि परवाना ‘रिन्यू’ होतात, तर नाट्यगृह ‘रिनोव्हेट’ होते. या बाबतीत स्पॅनिशचे ‘रेनोबार’ हे क्रियापद इंग्रजीपेक्षा मराठीला अधिक जवळचे आहे. ज्या लॅटिन ‘नोवुस’वरून ते आले तो शब्द आणि आपला ‘नव’ यांचे मूळही एकच आहे. तरीही आपल्याकडचे बहुतेक विद्यार्थी हे क्रियापद इंग्रजीच्या वळशाने शिकतात, आणि गेली अनेक वर्षे स्पॅनिश शिकवताना व भाषांतरे तपासताना मी ज्या चुका दुरुस्त करत आले आहे, त्यांतील निम्म्याहून अधिक या वळशातूनच आलेल्या असतात. स्पॅनिशमध्ये ‘व्ही’ आणि ‘बी’ या दोन्ही अक्षरांचा उच्चार एकच होत असल्याने येथे सर्वत्र ‘रेनोबार’ असेच लिहिले आहे. वहीत लिहिताना मात्र ते ‘व्ही’नेच लिहावे.

‘रेनोबार’ दिसले की ‘रिन्यू’ लिहिणे

पासपोर्ट, वाहन चालवण्याचा परवाना, मासिकाची वर्गणी किंवा भाडेकरार यांच्या बाबतीत ‘रेनोबार’ला ‘रिन्यू’ म्हटले तरी काही बिघडत नाही. अडचण पुढे येते. ‘रेनोबार एल बेस्तुआरियो’ म्हणजे कपाटातले जुने कपडे काढून त्यांच्या जागी नवे घेणे. येथे इंग्रजीत ‘रिन्यू’ कृत्रिम वाटते आणि ‘अपडेट’ किंवा ‘रिप्लेस’ चपखल बसते. ‘रेनोबार एल आइरे’ म्हणजे खिडक्या उघडून खोलीत ताजी हवा येऊ देणे. फुटबॉलच्या बातम्यांत तर क्लब थेट खेळाडूलाच ‘रेनोबार’ करतो, म्हणजे त्याच्याशी नवा करार करतो. इंग्रजीत खेळाडूला नव्हे, करारालाच ‘रिन्यू’ करता येते.

सर्वांत गंभीर घोटाळा राजकीय बातम्यांत होतो, म्हणून त्याबद्दल थोडे सविस्तर लिहिते. अर्जेंटिनाच्या प्रतिनिधिगृहात 257 सदस्य आहेत आणि ते दर दोन वर्षांनी निम्मे ‘रेनोबार’ होते; 72 सदस्यांच्या सिनेटचा एक तृतीयांश भाग, म्हणजे 24 जागा, त्याच अंतराने ‘रेनोबार’ होतात. ‘सदस्यत्वाचे नूतनीकरण’ म्हटले की मराठी माणसाच्या मनात तोच माणूस पुढे चालू राहिल्याचे चित्र येते, आणि ‘रिन्यू’ या शब्दातून इंग्रजी वाचकाचाही तोच समज होतो. स्पॅनिश वाक्याचा अर्थ याच्या उलट आहे: नूतनीकरण सभागृहाचे होते, सदस्याचे नव्हे. जुन्यांची मुदत संपते आणि त्या जागांसाठी निवडणूक होते. आपल्या राज्यसभेचे एक तृतीयांश सदस्य दर दोन वर्षांनी निवृत्त होतात, ती रचना डोळ्यांसमोर ठेवली तर अर्जेंटिनाच्या सिनेटबद्दलचे वाक्य लगेच उलगडते. इंग्रजीत अशा वेळी ‘इतक्या जागांसाठी निवडणूक आहे’ अशा धाटणीचे वाक्य करावे.

स्पेनमधील उदाहरण याहून बोलके आहे. तेथील न्यायपालिकेच्या सर्वोच्च परिषदेची मुदत 2018च्या डिसेंबरमध्ये संपली, पण प्रमुख पक्षांत सहमती न झाल्याने तिची ‘रेनोबासियोन’ (‘रेनोबार’चे नाम) 2024च्या मध्यापर्यंत रखडली आणि त्या काळात जुनेच सदस्य पदावर राहिले. या काळातल्या बातमीतील ‘सिन रेनोबार’ (‘रेनोबार न होता’) या शब्दांचे भाषांतर एका विद्यार्थ्याने ‘सदस्यांना मुदतवाढ न मिळाल्याने’ असे केले होते. वस्तुस्थिती नेमकी उलटी होती: परिषद ‘रेनोबार’ झाली नाही म्हणूनच ते सदस्य मुदतीपलीकडे राहिले. एका शब्दाने बातमी डोक्यावर उभी राहिली, आणि वाक्य व्याकरणदृष्ट्या निर्दोष असल्याने ते कोणाच्या लक्षातही आले नसते.

मुदतवाढ आणि नूतनीकरण यांत गल्लत करणे

मराठीत हा भेद आपण रोज पाळतो. अर्ज भरण्याच्या तारखेला मुदतवाढ मिळते, तिचे नूतनीकरण होत नाही. स्पॅनिशमध्ये या मुदतवाढीला ‘प्रोर्रोगा’ आणि क्रियापदाला ‘प्रोर्रोगार’ म्हणतात, इंग्रजीत ‘एक्स्टेंड’. फुटबॉल सामन्यात बरोबरी झाल्यावर जो जादा वेळ खेळवला जातो, तोही ‘प्रोर्रोगा’च.

स्पेनमध्ये शिकायला जाणाऱ्या मराठी मुलांना हा भेद केवळ परीक्षेपुरता लागत नाही. शिक्षणासाठी तेथे राहण्याची जी परवानगी असते तिची ‘प्रोर्रोगा’ मागावी लागते, तर निवासाच्या परवान्याची ‘रेनोबासियोन’ होते. दोन्ही प्रक्रिया वेगळ्या आहेत आणि त्यांचे अर्जही वेगळे आहेत. माझ्या एका विद्यार्थिनीने ‘मला व्हिसा रिन्यू करायचा आहे’ हे वाक्य मनात धरून माहितीच्या पानांवर ‘रेनोबासियोन’ शोधले, आणि स्वतःला लागू नसलेल्या अर्जासाठी दोन दिवस कागदपत्रे जमवली. तिने फोनवर मला अर्जाचे शीर्षक वाचून दाखवले तेव्हा कुठे चूक कळली. शोध घेताना ‘मुदतवाढ’ हा मराठी शब्द मनात असता, तर ती पहिल्याच दिवशी योग्य पानावर पोहोचली असती.

घर, देऊळ आणि चित्र यांना एकच क्रियापद लावणे

स्वयंपाकघर नवे करायचे असेल तर ‘रेनोबार’ म्हटले तरी लोकांना कळते, पण स्पेनमध्ये रोजच्या बोलण्यात ‘रेफोर्मार’ येते, आणि घरात काम सुरू असेल तर ‘एस्तामोस दे ओब्रास’ असे म्हणतात. भाड्याच्या जाहिरातीत ‘पिसो रेफोर्मादो’ दिसले की त्याचे ‘सुधारित’ किंवा इंग्रजीत ‘रिफॉर्म्ड’ करू नये. ते नूतनीकरण झालेले घर असते. ‘आ रेफोर्मार’ हे दोन शब्द मात्र वेगळाच इशारा देतात: घराचे काम अजून व्हायचे आहे आणि त्याचा खर्च घेणाऱ्याच्या माथी आहे. मेक्सिकोत ‘रेमोदेलार’ आणि अर्जेंटिना, चिली, पेरू या देशांत ‘रेफाक्सियोनार’ ऐकू येते. येथेही सावध राहावे, कारण मेक्सिकोत ‘रेफाक्सियोन’ म्हणजे यंत्राचा किंवा गाडीचा सुटा भाग. जुनी इमारत राहण्याजोगी करण्याला ‘रेआबिलितार’ म्हणतात. इंग्रजीत ‘रिहॅबिलिटेट’ हे मुख्यतः माणसांसाठी वापरतात, त्यामुळे इमारतीसाठी ‘रिफर्बिश’ लिहिणे बरे.

‘रेस्ताउरार’ला मराठीत ‘जीर्णोद्धार’ हा जवळचा शब्द आहे, मात्र तो पूर्ण जुळत नाही. जीर्णोद्धारात आपण पुष्कळदा जुने उतरवून नवे बांधतो. ‘रेस्ताउरार’मध्ये मूळ कृती जपून तिचे पूर्वीचे रूप वर आणणे अपेक्षित असते. 1984 साली माद्रिदच्या प्रादो संग्रहालयात बेलास्केसच्या ‘लास मेनिनास’ या चित्रावरचे जुने, पिवळट पडलेले वार्निश साफ करण्यात आले, ती ‘रेस्ताउरासियोन’ होती. तिला ‘रेनोबासियोन’ म्हटले असते तर चित्र नव्याने रंगवल्यासारखे वाटले असते. हाच शब्द आणखी दोन ठिकाणी गाठ घालतो. मोठ्या अक्षराने सुरू झाला तर तो स्पेनमध्ये 1874च्या अखेरीस बारावा आल्फोन्सो गादीवर आल्याने सुरू झालेला कालखंड असतो. आणि नोकरीच्या जाहिरातीत आला तर उपाहारगृहांचा व्यवसाय. एका भाषांतरात ‘रेस्ताउरासियोनमधील दहा वर्षांचा अनुभव’ असलेला स्वयंपाकी पुरातत्त्व खात्यात जाऊन बसला होता.

‘रिझ्यूम’साठी ‘रेसुमिर’ वापरणे

ही चूक इतकी सर्वत्र आढळते की पहिल्याच महिन्यात मी ती फळ्यावर लिहून ठेवते. ‘वर्ग सोमवारी पुन्हा सुरू होतील’ हे सांगण्यासाठी ‘रेसुमिरेमोस लास क्लासेस एल लुनेस’ लिहिले, तर स्पॅनिश वाचकाला कळते ते असे: ‘सोमवारी आम्ही तासांचा सारांश सांगू.’ ‘रेसुमिर’ म्हणजे सारांश काढणे. खंडित झालेले काम पुन्हा सुरू करण्याला ‘रेआनुदार’ म्हणतात, आणि बरोबर वाक्य ‘लास क्लासेस से रेआनुदारान एल लुनेस’ असे होते. या क्रियापदाच्या पोटात ‘नुदो’ म्हणजे गाठ आहे. मागावरचा धागा तुटला की विणकर गाठ मारून तोच धागा पुढे चालवतो, ते चित्र मनात ठेवले की हा शब्द सहसा विसरत नाही.

‘रेआनुदार’च्या शेजारी ‘रेस्ताब्लेसेर’ आणि ‘रेइनिसियार’ उभे असतात. क्रिया पुढे चालू होते तेव्हा पहिले, बिघडलेली स्थिती पूर्ववत होते तेव्हा दुसरे, आणि सर्व काही आरंभापासून सुरू करायचे तेव्हा तिसरे. 28 एप्रिल 2025 रोजी स्पेन आणि पोर्तुगालमध्ये वीज गेली त्या वेळी वीजपुरवठ्यासाठी ‘रेस्ताब्लेसेर’ हे नैसर्गिक क्रियापद होते, थांबलेल्या बैठकांसाठी आणि वर्गांसाठी ‘रेआनुदार’, आणि बंद पडलेल्या संगणकांसाठी ‘रेइनिसियार’. रेल्वेसेवेसारख्या गोष्टींना पहिली दोन्ही चालतात, कारण सेवा ही क्रियाही आहे आणि स्थितीही. पासवर्ड विसरल्यावर पडद्यावर जे बटण दिसते त्यावर बहुधा ‘रेस्ताब्लेसेर’ असते; इंग्रजीत त्यालाच ‘रीसेट’ म्हणतात. आजारातून सावरण्यासाठीही ‘रेस्ताब्लेसेर्से’ म्हणता येते, फक्त शेवटचे ‘से’ विसरू नये.

आणखी काही लहान, पण महाग पडणाऱ्या चुका

सॉफ्टवेअर ‘रेनोबार’ होत नाही, ते ‘आक्तुआलिसार’ होते. या शब्दाचा इंग्रजी ‘अ‍ॅक्च्युअलाइझ’शी अर्थाने संबंध नाही, ‘अपडेट’शी आहे. दुकानाच्या फळीवरचा संपलेला माल पुन्हा भरण्याला ‘रेपोनेर’ म्हणतात, आणि जुने नाटक किंवा मालिका पुन्हा दाखवण्यालाही तेच क्रियापद चालते. ‘कुर्सो दे रेसिक्लाहे’ हा कचऱ्याच्या पुनर्वापराचा वर्ग नसतो; बहुधा ती नोकरदारांची उजळणी असते, इंग्रजीत ‘रिफ्रेशर कोर्स’. आणि ‘रे’ दिसला की ‘पुन्हा’ असा अर्थ लावण्याची सवय तर अवश्य मोडावी: अर्जावर ‘रेयेनार’ लिहिलेले असते तेव्हा अर्ज पुन्हा भरायचा नसतो, पहिल्यांदाच भरायचा असतो. ‘पुन्हा’ हा अर्थ निःसंदिग्धपणे सांगायचा असेल, तर ‘बोल्बेर आ’ पुढे मूळ क्रियापद ठेवणे सर्वांत सुरक्षित. पुन्हा वाचणे, पुन्हा फोन करणे, पुन्हा प्रयत्न करणे, हे सर्व त्यात बसते, आणि ते कोठेही पुस्तकी वाटत नाही.

रूपे चालवताना होणारी चूक

‘रेनोबार’ वर्तमानकाळात चालवताना आघात ज्या रूपांत धातूवर पडतो तेथे ‘ओ’चे ‘उए’ होते: रेनुएबो, रेनुएबास, रेनुएबा, रेनुएबान. ‘आम्ही’च्या रूपात आघात पुढे सरकतो आणि मूळ ‘ओ’ परत येतो, म्हणून ‘रेनोबामोस’. ‘रेनुएबामोस’ हे रूप अस्तित्वात नाही, तरी ते प्रत्येक तुकडीच्या उत्तरपत्रिकांत हमखास सापडते. भूतकाळात ‘रेनोबे’, ‘रेनोबो’ अशी साधी रूपे होतात. ‘रेस्ताब्लेसेर’चे ‘मी’चे रूप ‘रेस्ताब्लेस्को’ होते, आणि ‘रेपोनेर’ हे ‘पोनेर’सारखेच चालत असल्याने त्याचे ‘रेपोंगो’ होते.

‘रेनुएबो’ हे रूप एखाद्या परिच्छेदात ‘मी नूतनीकरण करतो’ या अर्थाने बसत नसेल आणि त्याच्या आधी ‘उन’ (‘एक’) असेल, तर ते क्रियापद नसून नाम आहे, हे ओळखावे. छाटणी झालेल्या ऑलिव्हच्या बुंध्यातून जी नवी फूट येते तिला स्पॅनिशमध्ये ‘रेनुएबो’ म्हणतात. इंग्रजीत तिला ‘शूट’ म्हणावे, आणि मराठीत आपल्याकडे ‘धुमारा’ आहेच.