किडनीचा कॅन्सर आणि परदेशातले उपचार: दादाची फाइल सांभाळताना शिकलेलं

दादाच्या डाव्या किडनीतली गाठ सापडली ती पित्ताशयासाठी केलेल्या सोनोग्राफीत. लघवीतून रक्त नाही, पाठदुखी नाही, वजनही उतरलेलं नव्हतं. किडनीच्या गाठी हल्ली बऱ्याचदा अशाच, भलत्याच तपासणीत सापडतात. सीटी झाला, गाठ ५.२ सेंटिमीटरची निघाली आणि त्याच संध्याकाळी घरात चर्चा सुरू झाली, "कुठल्या देशात न्यायचं?" हा प्रश्न आम्ही फार लवकर विचारला. ज्यांच्या घरात आज तशीच संध्याकाळ आहे, त्यांच्यासाठी लिहिते आहे.

आधी आजाराचं नेमकं नाव आणि टप्पा कागदावर येऊ द्या. मोठ्या माणसांत किडनीचा कॅन्सर बहुतेक वेळा रीनल सेल कार्सिनोमा असतो. त्यात क्लिअर सेल सर्वांत जास्त आढळतो, पॅपिलरी आणि क्रोमोफोब कमी. किडनीत लघवी जिथे गोळा होते तिथल्या अस्तराचा कॅन्सर हा मात्र वेगळाच आजार. त्याचं ऑपरेशन वेगळं, औषधं वेगळी. गाठ किती वाढली आहे ते 'टी' या अक्षराने लिहितात: किडनीपुरती असलेली ४ सेंटिमीटरपर्यंतची गाठ म्हणजे टी-वन-ए, ४ ते ७ म्हणजे टी-वन-बी, त्याहून मोठी टी-टू. शिरेत किंवा लगतच्या चरबीत शिरली की टी-थ्री. लहान गाठीवर, विशेषतः वय झालेलं असेल किंवा इतर आजार असतील तर, ठरावीक काळाने स्कॅन करून नुसतं लक्ष ठेवणं हाही मान्य मार्ग आहे. अशा गाठीसाठी घाईने तिकिटं काढू नका.

मग स्वतःला विचारा, तिथे असं काय आहे जे आपल्याला राहत्या ठिकाणी मिळत नाही? याचं उत्तर एका वाक्यात देता आलं पाहिजे. उदाहरणार्थ, गाठ पोटातल्या मोठ्या शिरेत, म्हणजे व्हेना केव्हात, वर चढलीय आणि युरॉलॉजिस्टसोबत (म्हणजे किडनी-मूत्रमार्गाच्या सर्जनसोबत) हृदयाचे किंवा रक्तवाहिन्यांचे सर्जन लागणार आहेत. प्रकार दुर्मीळ आहे. घराण्यात व्हॉन हिपेल-लिंडाऊसारखा आनुवंशिक आजार आहे. एखादी क्लिनिकल ट्रायल, म्हणजे नव्या उपचाराची रुग्णांवरची चाचणी, हवी आहे. ही खरी कारणं. आमचं उत्तर होतं, 'किडनी वाचवायची आहे.' दादाला जुना मधुमेह, आणि रक्तातलं क्रिएटिनिन १.५, म्हणजे किडनीचं काम आधीच थोडं मंदावलेलं. पहिल्या सर्जननी अख्खी किडनी काढायला सांगितलं होतं. टी-वन गाठीत जमत असेल तर फक्त गाठ काढून उरलेली किडनी राखावी, असं युरोपियन असोसिएशन ऑफ युरॉलॉजीची मार्गदर्शक तत्त्वंही सांगतात, आणि दादासारख्याच्या बाबतीत तर त्याचं मोल फारच जास्त.

आजार पसरलेला असेल तर गणित बदलतं. तिथे मुख्य डॉक्टर सर्जन नाही, मेडिकल ऑन्कॉलॉजिस्ट, म्हणजे कॅन्सरवर औषधांनी उपचार करणारा डॉक्टर. नेहमीच्या केमोथेरपीला रीनल सेल कार्सिनोमा सहसा दाद देत नाही. इम्युनोथेरपी (शरीराच्या प्रतिकारशक्तीला कॅन्सरविरुद्ध जागं करणारी औषधं) आणि गाठीच्या रक्तवाहिन्या रोखणाऱ्या गोळ्या यांच्या जोड्या दिल्या जातात. किडनी आधी काढायलाच हवी असंही नाही. २०१८ मध्ये आलेल्या कार्मेना चाचणीत, मध्यम आणि जास्त जोखमीच्या रुग्णांमध्ये नुसत्या सुनिटिनिबचा (अशाच एका गोळीचा) परिणाम आधी ऑपरेशन करून मग तेच औषध देण्यापेक्षा कमी पडला नाही. हे उपचार महिनोन्महिने चालतात. म्हणून अशा वेळी बाहेरून मत घ्यावं आणि औषध घराजवळ घ्यावं, असं मला ठामपणे वाटतं.

डॉक्टर निवडताना हॉस्पिटलच्या नावाच्या आधी माणूस बघा. 'कॅन्सर सर्जन' एवढं पुरेसं नाही, किडनीचंच काम सतत करणारा युरॉलॉजिस्ट हवा. त्या देशाच्या मेडिकल कौन्सिलच्या यादीत नाव आणि नोंदणी तपासा. मधल्या एजंटला हॉस्पिटलकडून पैसे मिळतात का, हे त्यालाच विचारा. सरळ उत्तर आलं नाही तर डॉक्टरांशी थेट बोलणं होईपर्यंत एक रुपयाही भरू नका. डॉक्टरांना विचारायचं ते असं: वर्षाला किडनी राखून केलेली किती ऑपरेशनं होतात? त्यातली किती वेळा आत गेल्यावर अख्खी काढावी लागते? किडनीचा रक्तपुरवठा किती मिनिटं थांबवाल? प्रत्यक्ष हात कोणाचा असेल? ट्यूमर बोर्डात, म्हणजे वेगवेगळ्या तज्ज्ञांच्या एकत्र बैठकीत, केस मांडणार का, आणि बोर्डाचं मत लेखी मिळेल का?

आम्ही तिघांशी व्हिडिओवर बोललो. दोघांनी "काळजी करू नका" म्हटलं. तिसऱ्यांनी कॅमेऱ्यापुढे एक कोरा कागद धरला, त्यावर किडनीचं चित्र काढलं आणि शिरा जिथे आत शिरतात तिथे पेनाचं टोक टेकवून म्हणाले, "गाठ इथे टेकलेली आहे. आत गेल्यावर बेत बदलावा लागला तर मी अख्खी काढेन. आज सांगतोय, म्हणजे त्या दिवशी धक्का बसणार नाही." वहिनी इतका वेळ गप्प होती. ती म्हणाली, "हेच."

त्या कॉलपर्यंत पोचायला आम्हाला मात्र दोन आठवडे जास्त लागले. स्कॅन सेंटरने दिलेल्या सीडीवर डायकॉम फाइल्स, म्हणजे स्कॅनच्या पूर्ण मूळ फाइल्स, नव्हत्या, निवडक चित्रांचे फोटो होते. त्यावरून कुठलाही सर्जन काही ठरवू शकत नाही. सीडी हातात येताच तिथल्याच कॉम्प्युटरवर उघडून बघा: डायकॉम आहे का, कॉन्ट्रास्टच्या (शिरेतून दिलेल्या औषधाच्या) आधीचे आणि नंतरचे सगळे टप्पे आहेत का, छातीचा सीटी आहे का. लगेच त्याच्या दोन प्रती करा. बायोप्सी झाली असेल तर रिपोर्टसोबत स्लाइड आणि ब्लॉकही मागा. ब्लॉक म्हणजे मेणात बसवलेला गाठीचा तुकडा, प्लास्टिकच्या छोट्या जाळीदार चौकटीवर, वर नंबर. तो हरवला तर पुढच्या तपासण्यांना आधार राहत नाही.

मुक्काम किती दिवसांचा, यावर आम्ही चुकलो. ऑपरेशन छान झालं, किडनी राखता आली, चौथ्या दिवशी डिस्चार्ज. पॅकेजमध्ये लिहिलेल्या दिवसांवर विसंबून आम्ही परतीचं तिकीट काढलेलं होतं. पण किडनीचा तुकडा काढला की शिवलेल्या जागी उशिरा, आठवड्या-दोन आठवड्यांनीही रक्तस्राव होऊ शकतो, आणि तो थांबवायला रक्तवाहिनीत नळी घालून उपचार करणारी टीम जवळ लागते. शिवाय कॅन्सर, ऑपरेशन आणि लांब विमानप्रवासात एका जागी बसणं, तिन्हींमुळे पायात गुठळ्या होण्याचा धोका वाढतो. परतीची तारीख बदलता येईल असंच तिकीट घ्या. रक्त पातळ करणाऱ्या इंजेक्शनबद्दल आणि प्रवासाच्या परवानगीबद्दल सर्जनकडून लेखी घ्या.

आणि पॅथॉलॉजीचा अंतिम रिपोर्ट हातात आल्याशिवाय निघू नका. आमचा रिपोर्ट आम्ही घरी पोचल्यावर दहा दिवसांनी ईमेलने आला, तोही तिथल्या भाषेत. भाषांतर करून घेतलं तेव्हा कळलं की गाठ किडनीतल्या शिरेच्या एका फांदीत शिरली होती. टी-वन-बी समजून गेलो होतो, निघालं टी-थ्री-ए. क्लिअर सेलमध्ये एवढी जोखीम असेल तर ऑपरेशननंतर पेम्ब्रोलिझुमॅब हे इम्युनोथेरपीचं औषध देण्याचा पर्याय असतो. अमेरिकेच्या औषध नियंत्रक संस्थेने, एफडीएने, २०२१ मध्ये त्याला मान्यता दिली. दर तीन आठवड्यांनी सलाइनमधून, जास्तीत जास्त सतरा डोस, म्हणजे जवळपास वर्ष. एका ऑपरेशनसाठी गेलेला माणूस वर्षाच्या औषधाचा निर्णय घेऊन बसला होता आणि आमच्याकडे मेडिकल ऑन्कॉलॉजिस्टच नव्हता. घराजवळच्या ज्या पहिल्या दोघा ऑन्कॉलॉजिस्टांकडे गेलो त्यांनी "जिथे ऑपरेशन केलं तिथेच विचारा" म्हणून परत पाठवलं. दादा त्या दिवशी गाडीत एक शब्द बोलला नाही.

म्हणून निघण्याआधीच राहत्या ठिकाणचा एक मेडिकल ऑन्कॉलॉजिस्ट आणि एक युरॉलॉजिस्ट गाठा, पूर्ण बेत सांगा आणि "परत आल्यावर तुम्ही बघाल का?" हे स्पष्ट विचारा. त्यांचे ईमेल परदेशातल्या डॉक्टरांना द्या. येताना ऑपरेशनची नोट, डिस्चार्ज समरी, रिपोर्ट हे सगळं तुमच्या डॉक्टरांना वाचता येईल अशा भाषेत, सही-शिक्क्यासह आणा. स्लाइड आणि ब्लॉकचीही मागणी करा.

इम्युनोथेरपी सुरू झाली तर घरातल्या प्रत्येकाला एक गोष्ट माहीत हवी: जुलाब, धाप, कोरडा खोकला, अचानक आलेला कमालीचा थकवा यांवर परस्पर औषध घेऊन बघायचं नाही. शरीराची प्रतिकारशक्ती आतडी, फुप्फुसं, थायरॉइड, यकृत यांवरच उलटू शकते, डोस संपल्यावर काही महिन्यांनीसुद्धा. दादाला सहाव्या डोसनंतर थायरॉइड मंदावला, गोळी सुरू झाली. वहिनीने औषधाचं नाव आणि डॉक्टरांचा फोन लिहिलेलं कार्ड त्याच्या पाकिटात ठेवलंय. पुढचे सीटी शक्यतो एकाच सेंटरमध्ये करतो, आणि दर वेळी परदेशातल्या पहिल्या सीटीची डिस्क सोबत नेतो, कारण रेडिओलॉजिस्टला जुन्याशी नवं ताडून बघायचं असतं.