कोकणातल्या घरात व्हॉइस असिस्टंट कसा सुरू करावा: आधी फोन, मग स्पीकर

गणपतीला किंवा मे महिन्यात गावी येणारे चाकरमानी हल्ली आई-वडिलांसाठी स्मार्ट स्पीकर, म्हणजे व्हॉइस असिस्टंट असलेला, तोंडी हुकूम ऐकून काम करणारा स्पीकर, घेऊन येतात. सुट्टीचे चार दिवस तो घरभर गाजतो आणि मुले मुंबईला परतली की टीव्हीच्या कपाटावर मुका होऊन बसतो. यंत्र बिघडलेले नसते. ते कोणत्या भाषेत ऐकते, कोणाच्या खात्यावर चालते आणि वीज गेल्यावर काय करायचे, हे प्रश्न खरेदीच्या आधी कोणी विचारलेले नसतात. म्हणून जोडणी करणाऱ्याने भाषेपासून सुरुवात करावी.

गूगल असिस्टंटला फोनवर 2018 पासून मराठी समजते आणि गूगलच्या जेमिनी ॲपचीही मराठीत सोय आहे. स्पीकरची गोष्ट वेगळी आहे. भारतात ॲमेझॉनचे एको स्पीकर 2017 मध्ये आणि गूगलचे स्पीकर 2018 मध्ये आले, पण त्यांच्याशी बोलण्याच्या भाषा इंग्रजी आणि हिंदी अशाच राहिल्या. एकोमधला असिस्टंट ॲलेक्सा; त्याला हिंदी येऊ लागली तीही सप्टेंबर 2019 मध्ये. स्पीकरवर मराठी भजने, अभंग किंवा नाट्यगीते लागतात, मात्र ती लावण्याचा हुकूम हिंदीत किंवा इंग्रजीत द्यावा लागतो. ज्या घरातील वडीलधाऱ्यांना हिंदी बोलणे अवघड वाटते, तिथे स्पीकर घेण्याची घाई करू नये आणि हाताशी असलेल्या फोनवरच मराठी असिस्टंट नीट बसवून द्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे. नवा स्पीकर घ्यायचाच असेल, तर त्याच्या भाषांच्या यादीत त्या वेळी मराठी आहे का, हे दुकानातच पाहून घ्यावे.

अँड्रॉइड फोनवरची जोडणी

सर्वप्रथम फोनमध्ये कोणाचे गूगल खाते आहे ते पाहावे. जुना फोन आईला देताना मुलाचे खाते तसेच ठेवण्याची पद्धत फार रूढ आहे आणि तीच पुढे अडचणीची ठरते, कारण असिस्टंट त्या खात्यातील संपर्क, दिनदर्शिका आणि स्मरणपत्रे वापरतो. परिणामी आईच्या फोनवर मुलाच्या ऑफिसच्या बैठका वाचून दाखवल्या जातात. फोन वापरणाऱ्या व्यक्तीच्या नावाने स्वतंत्र खाते काढावे, त्याला तिचाच मोबाइल क्रमांक जोडावा आणि पासवर्ड परत मिळवण्यासाठी घरातील आणखी एका विश्वासू माणसाचा क्रमांक किंवा ईमेल द्यावा.

त्यानंतर प्ले स्टोअरमधून गूगल ॲप अद्ययावत करावे. ते उघडून वरच्या कोपऱ्यातील गोल चित्रावर बोट ठेवावे, सेटिंग्जमध्ये जावे, गूगल असिस्टंट निवडावे आणि भाषांच्या यादीतून मराठी घ्यावी. नव्या फोनवर असिस्टंटच्या जागी जेमिनी आलेले असू शकते. ते चालण्यासाठी अँड्रॉइड 10 किंवा त्यापुढची आवृत्ती आणि किमान 2 जीबी रॅम लागते, आणि त्याच्याही सेटिंग्ज त्याच गोल चित्रामागे सापडतात. आवृत्तीनुसार पर्यायांची नावे थोडी बदलतात. नेमका पर्याय दिसला नाही, तर सेटिंग्जच्या शोधपट्टीत 'असिस्टंट' असे लिहून पाहावे.

मग येते आवाजाची ओळख, म्हणजे व्हॉइस मॅच. या टप्प्यावर फोन 'ओके गूगल' आणि 'हे गूगल' हे शब्द काही वेळा उच्चारायला सांगतो. जोडणी करणाराच भराभर बोलून मोकळा झाला, तर फोन त्याचा आवाज ओळखतो आणि ज्याच्यासाठी हा खटाटोप केला त्याला दाद देत नाही. तेव्हा नमुना वापरणाऱ्यानेच द्यावा, नेहमीच्या आवाजात द्यावा, आणि कवळी लावणाऱ्यांनी ती लावूनच द्यावा. नमुना चुकला असे वाटल्यास याच पानावरून तो पुन्हा देता येतो.

एवढे करूनही फोन हाकेला ओ देत नसेल, तर दोन गोष्टी तपासाव्यात. गूगल ॲपला मायक्रोफोनची परवानगी आहे का, आणि बॅटरी वाचवण्याच्या नावाखाली फोन ते ॲप पार्श्वभूमीत बंद करतो का. स्वस्त फोनमध्ये दुसरे कारण वारंवार आढळते, म्हणून बॅटरीच्या सेटिंग्जमध्ये गूगल ॲपवरील निर्बंध काढावेत. तरीही जमले नाही, तर हाक मारण्याचा नाद सोडून पडद्यावर माइकचे चिन्ह ठेवावे किंवा पॉवरचे बटण दाबून धरले की असिस्टंट उघडेल अशी सोय करावी. बऱ्याच ज्येष्ठांना हाकेपेक्षा बटणच सोयीचे वाटते.

आयफोन असल्यास सेटिंग्जमधील सिरीच्या, म्हणजे आयफोनच्या स्वतःच्या असिस्टंटच्या पानावर भाषा इंग्रजी, भारत अशी ठेवावी. आयओएस 18 पासून भारतातील सिरीला इंग्रजीत मिसळलेली मराठी समजण्याची सोय आली आहे, पण अखंड मराठीत संवाद हवा असेल, तर आयफोनवर जेमिनी ॲप घेणे बरे.

नावे नीट लावणे

सगळ्यात जास्त वेळ द्यावा तो संपर्कांच्या यादीला. असिस्टंट तोंडी उच्चारलेले नाव यादीतील नावाशी जुळवून पाहतो. आपल्या याद्यांमध्ये 'आई न्यू', 'पप्पा जिओ 2', नुसतेच 'दादा' अशी नावे आणि त्यांखाली बंद पडलेले क्रमांक पडून असतात. प्रत्येक नाव घरात ज्या रीतीने उच्चारले जाते त्याच रीतीने, देवनागरीत आणि शक्यतो दोन शब्दांत लिहावे: 'दादा मुंबई', 'ताई चिपळूण', 'डॉक्टर बाजारपेठ', 'रिक्षा वाडीतली', 'गॅस सिलिंडर'. एका माणसाचे दोन क्रमांक असतील, तर त्यांपैकी एक कायमचा म्हणून ठरवून द्यावा, नाहीतर फोन दर वेळी कोणत्या क्रमांकावर लावू, असे विचारत बसतो. मृत क्रमांक काढून टाकावेत.

गावांच्या नावांचाही असाच घोळ होतो. मुरूड रायगड जिल्ह्यात आहे, दापोली तालुक्यात आहे आणि लातूर जिल्ह्यातही आहे. नुसते 'देवगड' म्हटले, तर उत्तर ओडिशातल्या देवगडचे मिळण्याची शक्यता असते. म्हणून 'सिंधुदुर्गातल्या देवगडला आज पाऊस पडेल का' असे पूर्ण विचारण्याची सवय लावावी आणि सेटिंग्जमध्ये घराचा पत्ताही भरून ठेवावा, म्हणजे गावाचे नाव न घेता हवामान विचारता येते.

मालवणीत विचारलेला प्रश्न यंत्राला बहुधा पेलत नाही. 'पावस खंय पडतलो' याचे उत्तर शेजारी देईल, फोन देईलच असे नाही. त्याच्याशी शाळेच्या पुस्तकातली मराठी बोलावी लागते. 'साडेपाच', 'पावणेसात', 'परवा' हे शब्द एकदा घालून पाहावेत. गजर लावल्यानंतर पडद्यावर दिसणारी वेळ वाचून खात्री करावी आणि गडबड आढळल्यास 'पाच वाजून तीस मिनिटांनी' असे सांगण्याची तयारी ठेवावी.

स्पीकर कोठे ठेवावा आणि कसा जोडावा

स्पीकरला कायमची वीज आणि कायमचे वाय-फाय लागते. घरात ब्रॉडबँड नसेल, तर फोनच्या हॉटस्पॉटवर तो चालतो खरा, पण तो फोन बाजाराला गेला की स्पीकर बंद पडतो. ब्रॉडबँड असले, तरी चिऱ्याच्या जाड भिंती वाय-फायची वाट अडवतात. राउटरवर 2.4 आणि 5 गिगाहर्ट्झ असे दोन पट्टे असल्यास स्पीकर 2.4 वर जोडावा. त्याचा वेग कमी असतो, पण भिंतींपलीकडे तो अधिक दूर पोहोचतो.

पडवी ही स्पीकरची जागा नव्हे. तिथे खारा वारा आणि पावसाची झड येते, आणि आषाढात पत्र्यावर किंवा कौलांवर सरी कोसळू लागल्या की यंत्राला माणसाचा आवाज वेगळा काढता येत नाही. माजघरात, टीव्हीपासून दूर, भिंतीपासून हातभर सोडून आणि बसून बोलणाऱ्याच्या तोंडाच्या उंचीवर तो ठेवावा.

एको जोडण्यासाठी फोनवर ॲलेक्साचे ॲप घ्यावे, फोनचे ब्लूटूथ आणि लोकेशन चालू करावे व स्पीकरला वीज द्यावी. थोड्या वेळाने त्यावर नारिंगी प्रकाश फिरू लागतो, म्हणजे तो जोडणीसाठी तयार असतो. प्रकाश आला नाही, तर वरचे ठिपक्याचे बटण काही सेकंद दाबून धरावे. ॲपमधील डिव्हाइसेस विभागात अधिकचे चिन्ह दाबून एको निवडावा, वाय-फायचा पासवर्ड द्यावा आणि शेवटी त्या उपकरणाच्या सेटिंग्जमध्ये भाषा ठरवावी. निळा प्रकाश म्हणजे तो ऐकत आहे आणि लाल म्हणजे माइक बंद आहे, एवढे घरातील सर्वांना सांगून ठेवावे. गूगलचा स्पीकर गूगल होम ॲपमधून जवळपास याच क्रमाने जोडला जातो. मात्र जोडणी करणारा फोन त्याच वाय-फायवर असावा.

वळवाच्या आणि परतीच्या पावसात विजा कडाडू लागल्या की स्पीकर आणि राउटर या दोघांचेही प्लग काढावेत. फायबरच्या तारेतून वीज येत नाही, पण प्लगमधून येते. वीज परत आल्यावर राउटरला सुरू व्हायला काही मिनिटे लागतात आणि तोवर स्पीकर इंटरनेट नसल्याची तक्रार करतो. त्या वेळी कोणतेही बटण न दाबता वाट पाहावी.

खासगीपणा, पैसे आणि समुद्र

ॲलेक्साच्या ॲपमधील आवाजी खरेदी पहिल्याच दिवशी बंद करावी. आवाजांची नोंद ठेवली जाते, ती ॲपमधील प्रायव्हसीच्या पानावर ऐकता आणि पुसता येते; गूगलच्या खात्यात जुनी नोंद 3, 18 किंवा 36 महिन्यांनी आपोआप पुसली जाईल असे ठरवता येते. न्याहारी-निवास चालवणाऱ्यांनी पाहुण्यांच्या खोलीत स्पीकर ठेवूच नये. ठेवलाच तर पाहुण्यांना आधी सांगावे आणि घरचे खाते त्यावर घालू नये.

एकोवरील 'ड्रॉप इन' या सोयीने मुंबईतला मुलगा समोरच्याने फोन उचलण्याची वाट न पाहता थेट घरात बोलू शकतो. एकट्या राहणाऱ्या आईसाठी हे उपयोगी आहे, पण तेवढेच ते आगंतुकही आहे. तिला समजावून, तिने होकार दिला तरच ते चालू करावे.

संकटात स्पीकरवरून 112 ला फोन लागेल, असे गृहीत धरू नये. तो क्रमांक फोनवरूनच लावावा. त्याचप्रमाणे होडी लोटायची की नाही, हा प्रश्न असिस्टंटला विचारू नये. तो सांगतो ते गावातले हवामान असते. समुद्रासाठी हवामान खात्याचा मच्छिमारांना दिलेला इशारा, हैदराबादच्या इन्कॉइस संस्थेचा लाटांचा अंदाज आणि बंदरावरचा बावटा हेच पाहावे.

मुंबईची गाडी पकडण्याच्या आदल्या दिवशी एक तालीम घ्यावी. राउटर आणि स्पीकर बंद करावेत, आपण खळ्यात जाऊन बसावे आणि घरातील मोठ्यांना ते एकट्याने सुरू करू द्यावेत. मग त्यांनी फोनवरून दोन माणसांना फोन लावून पाहावा व एक गजर लावावा. जिथे ते अडतील तेवढ्या पायऱ्या आणि रोज लागणारे पाच-सहा हुकूम ठळक अक्षरांत कागदावर लिहून स्पीकरमागच्या भिंतीला चिकटवावेत. वाय-फायचा पासवर्ड त्या कागदावर लिहू नये; तो घरच्या वहीत, गॅसच्या पुस्तकाशेजारी ठेवावा.