घरात अनेक गेमिंग संगणक एकत्र चालवताना : विजेचा हिशेब आणि सुरक्षित जोडणी

घरातील एखाद्या खोलीत सहा-आठ गेमिंग संगणक एकाच वेळी चालवायचे असतील, तर टेबले मांडण्यापूर्वी विजेचा हिशेब कागदावर मांडावा. खोलीत सॉकेट किती आहेत यावरून किती संगणक चालतील हे ठरत नाही, कारण एकाच सर्किटवरचे दहा सॉकेटही शेवटी एकाच एमसीबीच्या (भार फार वाढला की आपोआप पडणाऱ्या, म्हणजे बंद होणाऱ्या, स्विचच्या) आणि भिंतीतील एकाच वायरच्या क्षमतेत वाटेकरी असतात. वायर, सॉकेट, प्लग, एक्स्टेन्शन बोर्ड, त्याची केबल अशा ज्या ज्या भागांतून वीज जाते, त्या प्रत्येकाला स्वतःची मर्यादा असते आणि त्यांतला सर्वांत लहान आकडा हीच आपली खरी मर्यादा असते. पुढील सर्व कामे डीबीचे (एमसीबी बसवलेल्या वितरण-पेटीचे) झाकण किंवा स्विचबोर्ड न उघडता करण्याची आहेत. ते उघडण्याची गरज पडली, तर ते काम इलेक्ट्रिशियनचे आहे.

सर्किट ओळखणे

डीबीतील एक एमसीबी बंद करावा आणि हातात एक साधा टेबललॅम्प घेऊन घरभरातील कोणकोणते सॉकेट बंद पडले ते पाहावे. असे प्रत्येक एमसीबीबाबत करून घराच्या साध्या आराखड्यावर सॉकेटांना क्रमांक द्यावेत. खोलीच्या भिंतींवरून अंदाज बांधणे येथे फसवे ठरते : समोरासमोरच्या दोन भिंतींवरील सॉकेट वेगवेगळ्या सर्किटवर असू शकतात आणि दोन वेगळ्या खोल्यांतील सॉकेट एकाच सर्किटवर असू शकतात. त्याच सर्किटवर फ्रिज, इस्त्री, मायक्रोवेव्ह किंवा पाणी गरम करणारी किटली आहे का, हेही लिहून ठेवावे. २३० व्होल्टवर चालणारी किटली एकटीच १,५०० ते ३,००० वॉट घेते, त्यामुळे मध्यरात्री कोणाला चहाची आठवण झाली की सगळा हिशेब कोलमडतो.

प्रत्येक संगणक खरोखर किती वीज घेतो

पॉवर सप्लायवर छापलेला आकडा हिशेबाला धरू नये. ७५० वॉटचा पॉवर सप्लाय म्हणजे संगणकाच्या आतील भागांना ७५० वॉटपर्यंत वीज पुरवू शकणारा पॉवर सप्लाय. तो सदासर्वकाळ तेवढी वीज ओढत नाही. मात्र आत जेवढी वीज लागते त्यापेक्षा थोडी अधिक सॉकेटमधून घेतली जाते. आतील भागांना ४५० वॉट लागत असतील आणि पॉवर सप्लायची कार्यक्षमता ९० टक्के असेल, तर सॉकेटमधून ५०० वॉट जातात आणि मधले ५० वॉट उष्णतेच्या रूपात खोलीत पसरतात.

‘एक संगणक सरासरी इतके वॉट’ असे गृहीत धरण्यातही धोका आहे, कारण यंत्रायंत्रांतील फरक मोठा असतो. एनव्हिडियाच्या आरटीएक्स ४०६० या ग्राफिक्स कार्डाची वीजमर्यादा ११५ वॉट आहे, आरटीएक्स ४०९० ची ४५० वॉट आणि आरटीएक्स ५०९० ची ५७५ वॉट. इंटेलचा कोअर आय९-१४९००के हा प्रोसेसर टर्बो अवस्थेत (सर्वाधिक वेगाने चालताना) २५३ वॉटपर्यंत जातो. म्हणून येणाऱ्या प्रत्येकाकडून कार्ड आणि प्रोसेसर कोणता आहे हे आधीच विचारून घ्यावे. मध्यम ताकदीच्या संगणकाला मॉनिटरसह ३०० ते ४५० वॉट आणि सर्वांत वरच्या श्रेणीतील संगणकाला ६०० ते ८०० वॉट असा ढोबळ अंदाज चालतो, परंतु सॉकेट आणि प्लग यांच्यामध्ये लावायचा वॉटमीटर वापरून खेळ सुरू असताना मोजलेला आकडा हाच विश्वासार्ह. क्लॅम्प मीटर (तारेभोवती चिमट्यासारखा लावून प्रवाह मोजणारे यंत्र) वापरणाऱ्यांनी एक गोष्ट ध्यानात ठेवावी : संपूर्ण केबलभोवती तो लावला, तर जाणारा आणि परतणारा प्रवाह एकमेकांना छेदून आकडा शून्याजवळ दिसतो. आणि तो एकाच तारेभोवती लावता यावा म्हणून केबलचे आवरण सोलणे हा उपाय नव्हे.

वॉटला व्होल्टने भागले की अँपिअर मिळतात, पण हे गणित पॉवर फॅक्टर (वॉट आणि व्होल्ट-अँपिअर म्हणजे व्होल्ट गुणिले अँपिअर यांचे गुणोत्तर) एकच्या जवळ असेल तरच बरोबर येते. ॲक्टिव्ह पीएफसी (पॉवर फॅक्टर सुधारणारी जोडणी) असलेल्या आजच्या पॉवर सप्लायमध्ये तो भारावर असताना ०.९५ च्या वर असतो. पीएफसी नसलेल्या जुन्या आणि अतिस्वस्त पॉवर सप्लायमध्ये तो ०.६५ च्या आसपास राहतो, आणि मग २३० व्होल्टवर ३०० वॉटसाठी १.३ अँपिअरऐवजी सुमारे २ अँपिअर प्रवाह वाहतो. वायर तापते ती प्रवाहाने, त्यामुळे अशा यंत्रासाठी वॉट न धरता व्होल्ट-अँपिअर धरावेत.

एमसीबीचा आकडा आणि ८० टक्क्यांची मर्यादा

२३० व्होल्टच्या पुरवठ्यावर १६ अँपिअरचे सर्किट म्हणजे ३,६८० वॉट; १२० व्होल्टच्या पुरवठ्यावर १५ अँपिअरचे सर्किट म्हणजे केवळ १,८०० वॉट. हे पूर्ण आकडे तासन्‌तास वापरायचे नसतात. अमेरिकेच्या नॅशनल इलेक्ट्रिकल कोडमध्ये तीन तास किंवा त्याहून अधिक चालणारा भार हा सतत भार मानला जातो आणि तो सर्किटच्या क्षमतेच्या ८० टक्क्यांत ठेवण्याची रीत तेथूनच आली आहे. पुरवठा कोणताही असला तरी ती पाळण्यासारखी आहे. त्या हिशेबाने वरील दोन सर्किटांवर अनुक्रमे २,९४४ आणि १,४४० वॉट वापरता येतात. ४५० वॉटचे आठ संगणक म्हणजे ३,६०० वॉट. म्हणून २३० व्होल्टच्या घरात ते दोन सर्किटांवर चार-चार असे विभागावेत, आणि १२० व्होल्टच्या घरात तीन सर्किटांवर तीन, तीन आणि दोन असे. सर्व सर्किटांची बेरीज आणि घरातील इतर वापर मिळून मुख्य स्विचची मर्यादा ओलांडत नाही ना, हेही पाहावे.

‘जास्त झाले तर एमसीबी पडेलच’ हा भरवसा मला सर्वांत घातक वाटतो. आयईसी ६०८९८ या आंतरराष्ट्रीय मानकानुसार एमसीबी त्याच्या आकड्याच्या १.१३ पट प्रवाहावर तासभर पडता कामा नये, आणि १.४५ पट प्रवाहावर तासाभराच्या आत पडला पाहिजे. म्हणजे १६ अँपिअरचा एमसीबी १८ अँपिअर प्रवाह निमूटपणे वाहू देतो, आणि २३ अँपिअरवरही लगेच पडेल असे नाही. तो भिंतीतील वायरचे रक्षण करण्यासाठी असतो. त्यापुढे जोडलेल्या बारीक केबलची किंवा सैल प्लगची त्याला काहीच खबर नसते. वारंवार पडणाऱ्या एमसीबीच्या जागी मोठ्या आकड्याचा एमसीबी बसवून घेणे म्हणजे वायरचे रक्षण काढून टाकणे होय. क्षमता वाढवायचीच असेल, तर जाड वायरसह नवे सर्किट ओढून घ्यावे.

सॉकेटपासून संगणकापर्यंत

आगी बहुधा याच टप्प्यात लागतात. ०.१ ओहम रोध असलेल्या एखाद्या सैल संपर्कातून ५ अँपिअर गेले तर तेथे अडीच वॉट उष्णता निर्माण होते. १५ अँपिअर गेले तर साडेबावीस वॉट, आणि तीही प्लगच्या प्लॅस्टिकमध्ये कोंडलेली. प्रवाह तिप्पट झाला की उष्णता नऊपट होते. म्हणून प्लग घट्ट न बसणारे, काळवंडलेले किंवा आतून चरचर आवाज येणारे सॉकेट या कामातून सरळ बाद करावेत.

एक्स्टेन्शन बोर्डावर तो किती अँपिअरचा आहे हे लिहिलेले असते. लिहिलेले नसेल तर तो वापरू नये. एका बोर्डात दुसरा बोर्ड खोचू नये, कारण तसे केल्यास पुढच्या सर्व यंत्रांचा प्रवाह पहिल्या बोर्डाच्या प्लगमधून जातो. रिळावर गुंडाळलेली केबल पूर्ण उलगडूनच वापरावी. गुंडाळलेल्या थरांतील उष्णतेला वाट मिळत नाही आणि आवरण वितळू शकते. केबल गालिच्याखालून किंवा दाराच्या फटीतून नेऊ नये. सर्ज प्रोटेक्टरमुळे (व्होल्टेजच्या अचानक उसळीपासून यंत्र वाचवणाऱ्या साधनामुळे) बोर्डाची अँपिअरमर्यादा वाढत नाही, एवढे त्याच्याबद्दल पुरे. यूपीएस घेतला असेल तर त्यावरील व्हीए आणि वॉट हे दोन वेगळे आकडे असतात. वॉटचा आकडा पाहावा.

अर्थिंग आणि आरसीसीबी

संगणकाच्या पॉवर सप्लायमधील फिल्टर अल्पसा प्रवाह नेहमीच अर्थमध्ये सोडत असतो. अर्थिंग नसेल, तर हाच प्रवाह धातूच्या कॅबिनेटवर येतो आणि हात लावल्यावर झिणझिण्या येतात. त्यामुळे तीन पिनांचा प्लग दोन पिनांच्या सॉकेटात बसवणारे ॲडाप्टर येथे वर्ज्य आहेत.

मात्र बऱ्याच संगणकांची अशी गळती एकत्र आली की ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (अर्थमध्ये प्रवाह गळू लागला की वीज तोडणारा स्विच) कोणताही दोष नसताना पडू शकतो, कारण मानकानुसार तो १५ मिलिअँपिअरच्या पुढे केव्हाही पडू शकतो. एका यंत्राची गळती साधारण एक मिलिअँपिअर धरली, तरी दहा संगणक आणि दहा मॉनिटर मिळून ती मर्यादा ओलांडली जाते. यावर उपाय म्हणजे यंत्रे वेगवेगळ्या आरसीसीबीवर विभागणे. आरसीसीबीला वळसा घालून जोडणी करणे किंवा प्लगची अर्थची पिन तोडणे जिवावर बेतू शकते.

प्रत्यक्ष सुरुवात

सर्व संगणक एकदम सुरू करू नयेत. पॉवर सप्लायमधील कपॅसिटर प्रथम भरताना काही मिलिसेकंद फार मोठा प्रवाह ओढतात आणि बी प्रकारचा एमसीबी त्याच्या आकड्याच्या तीन ते पाच पट, सी प्रकारचा पाच ते दहा पट क्षणिक प्रवाहावर तत्काळ पडतो. प्रत्येक संगणकाचा मागचा स्विच बंद ठेवून प्लग लावावा आणि मग काही सेकंदांच्या अंतराने एकेक स्विच चालू करावा. वीज गेली, तर ती परत येण्यापूर्वी हे सगळे स्विच पुन्हा बंद करावेत.

सगळे संगणक पूर्ण भारावर अर्धा तास चालवून प्रत्येक प्लग आणि बोर्ड बाहेरून हाताने तपासावा. किंचित कोमट लागणे स्वाभाविक आहे; हात टेकवून ठेवता येत नसेल, तर ती जोडणी तेथेच थांबवावी. संगणकांनी घेतलेली जवळजवळ सगळी वीज शेवटी खोलीत उष्णता म्हणून उतरते. वरच्या उदाहरणातील ३,६०० वॉट म्हणजे एक टनाच्या एसीने बाहेर टाकता येते तेवढी, किंबहुना किंचित अधिक उष्णता झाली. माणसांची उष्णता वेगळीच. हा एसी स्वतः सुमारे एक किलोवॉट घेतो, तेव्हा तो संगणकांच्या सर्किटवर नसावा.

खेळ चालू असताना एमसीबी पडला, तर त्या सर्किटवरील एक-दोन संगणक दुसरीकडे हलवल्याशिवाय तो वर करू नये. आरसीसीबी पडला असेल, तर सर्व प्लग काढून तो वर करावा आणि एकेक यंत्र परत जोडत जावे : नेमके एकच यंत्र जोडताच, क्रम बदलूनही, तो पडत असेल तर दोष त्या यंत्रात आहे, कोणतेही यंत्र शेवटी जोडले तरी पडत असेल तर ती एकत्रित गळती आहे. एकही प्लग न लावता तो पडत असेल, तर दोष वायरिंगमध्ये आहे, आणि इलेक्ट्रिशियनने तपासेपर्यंत ते सर्किट बंदच ठेवावे.