कॅनडाच्या सुरुवातीच्या पक्षनेत्यांवर लिहिताना या चुका टाळा

या विषयावरचं लिखाण तपासताना माझा सगळ्यात जास्त वेळ एकाच नावात जातो: मॅकेन्झी. एका शालेय पुस्तिकेच्या मजकुरात वाचलं होतं, ‘मॅकेन्झी यांनी १८३७ मध्ये बंड केले व १८७३ मध्ये ते पंतप्रधान झाले.’ पुस्तिका छपाईला जायला दोन दिवस उरले होते. ब्रिटिश वसाहतीच्या सरकारविरुद्ध बंड करणारे विल्यम लायन मॅकेन्झी, टोरांटोचे पहिले महापौर, १८६१ मध्येच वारले. पंतप्रधान झाले ते लिबरल नेते अलेक्झांडर मॅकेन्झी. बंडाच्या वेळी ते स्कॉटलंडमध्ये होते, वय वर्षं पंधरा. गवंडीकाम शिकून ते १८४२ मध्ये कॅनडात आले. घाईत दोन माणसांची टिपणं एकाखाली एक चिकटवली गेली होती. ती ओळ सुटली असती तर मुलांनी तीच पाठ केली असती. बरं, हा घोळ इथेच थांबत नाही. १९२१ मध्ये पंतप्रधान झालेले मॅकेन्झी किंग हे त्या बंडखोराच्या मुलीचे चिरंजीव, आणि १८९४ चे पंतप्रधान मॅकेन्झी बोवेल यांचं तर ते आडनावच नाही. म्हणून मी नावाशेजारी जन्मसाल आणि मतदारसंघ लिहिल्याशिवाय पुढे सरकत नाही: मॅकेन्झी, १८२२, लॅम्टन.

दुसरी चूक म्हणजे पंतप्रधानांची यादी समोर ठेवून पक्षांचा इतिहास लिहिणं. सोपं पडतं, पण त्यात एडवर्ड ब्लेक गायब होतात. १८८० ते १८८७ लिबरल पक्ष त्यांनी चालवला, १८८२ आणि १८८७ च्या निवडणुका हरले, पंतप्रधान कधीच झाले नाहीत. पण नंतर पंतप्रधान झालेल्या विल्फ्रिड लॉरिए यांना पुढे आणलं ते त्यांनीच. ब्लेक १८७१-७२ मध्ये ऑन्टारिओ प्रांताचे प्रीमियर (म्हणजे मुख्यमंत्री) होते आणि त्याच वेळी राजधानी ओटावात देशाच्या संसदेत खासदारही. नवखे लेखक हे छपाईची चूक समजून ‘दुरुस्त’ करतात. तेव्हा प्रांताच्या आणि देशाच्या, दोन्ही सभागृहांत एकाच वेळी बसता येत होतं. कृपया हात लावू नका.

कॅनडाचे पहिले पंतप्रधान, कॉन्झर्व्हेटिव्ह नेते जॉन मॅकडोनाल्ड १८६७ पासून १८९१ पर्यंत सलग पंतप्रधान नव्हते. पॅसिफिक रेल्वेच्या घोटाळ्यात १८७३ मध्ये राजीनामा द्यावा लागला, परतले ते १८७८ मध्ये.

‘पक्षाध्यक्ष’ हा आपला शब्द इथे चालवू नका, ‘नेता’ लिहा. नेता ठरायचा तो खासदारांच्या गटात. लिबरल पक्षाने अधिवेशन भरवून नेता निवडला तो थेट १९१९ मध्ये, लॉरिए वारल्यावर.