पद्मिनीच्या बॉनेटवरची संत्र्याची साल

माझी १९७८ ची प्रीमियर पद्मिनी सातपूरच्या एका गॅरेजमधून रंगवून आणली. सावलीत झकास दिसायची, पण ट्यूबलाइटखाली बॉनेटमध्ये तिचं प्रतिबिंब थरथरलेलं दिसे. पृष्ठभाग संत्र्याच्या सालीसारखा. रंग घट्ट असला किंवा थिनर फार लवकर उडाला की असं होतं. नाशिकच्या एप्रिलात भर दुपारी फवारा मारल्यावर दुसरं काय होणार!

पुन्हा रंगवायची माझी तयारी नव्हती, म्हणून वरचा थर घासूनच सपाट करायचं ठरवलं. आधी गेजने रंगाची जाडी मोजली. (लांबी, म्हणजे पोचे बुजवायची पुट्टी, भरलेल्या जागी आकडा उगाच फुगतो, तो धरू नये.) कडांना मास्किंग टेप लावली, कारण तिथे थर पातळ असतो आणि घासायचा पेपर लगेच रंगाखालच्या प्रायमरला भिडतो. मग साबणाचं पाणी, रबरी ब्लॉक आणि १५०० चा वॉटर पेपर, म्हणजे पाण्यासोबत घासायचा पॉलिश पेपर (आकडा जितका मोठा तितका तो बारीक). मधूनमधून पुसून बघायचं: चमकणारे ठिपके दिसले म्हणजे खड्डे अजून शिल्लक. सगळं एकसारखं मंद झालं की २०००, मग ३०००, शेवटी कंपाउंड (घासून चमक आणणारी पेस्ट) आणि बफिंग.

डिक्कीच्या आतली बाजू मुद्दाम तशीच ठेवली. कारखान्यातून या गाड्या आरशासारख्या निघतच नव्हत्या. शोमधल्या अति गुळगुळीत गाड्या मला तरी खोट्या वाटतात. वॅक्स मात्र महिनाभर लावलं नाही, आतलं थिनर पुरतं उडायला हवं.