जीन्सवर बूट घालताय? घोट्यापाशी होणाऱ्या या चुका टाळा

मामेभावाच्या लग्नाला निपाणीला जायचं म्हणून मी आठ भोकांचे, घोट्याच्या बरेच वर जाणारे जाडजूड बूट घेतले. दुकानात घालून बघितले तेव्हा अंगात ऑफिसची ढगळ पॅन्ट होती, त्यामुळे बूट झकास दिसले. लग्नाच्या सकाळी स्किनी जीन्स चढवली आणि पंचाईत झाली. जीन्स बुटाच्या तोंडावरून खाली उतरेना, आणि आत खोचावी तर बूट पायाभोवती बादलीसारखा उघडा. शेवटी दोन वेळा दुमडून वेळ मारून नेली. फोटोत मी भातलावणीला निघाल्यासारखा दिसतो.

बूट चांगला की वाईट हे नंतर बघू. सगळी गडबड होते ती घोट्याजवळच्या चार-पाच इंचांत, जिथं बुटाचं तोंड आणि जीन्सचा बॉटम एकमेकांना भिडतात. म्हणून आधी घरातली जीन्स पलंगावर सपाट पसरा आणि बॉटमवर आडवी टेप लावा. स्किनी 6 इंचांच्या आसपास भरते, स्ट्रेट साधारण 8, बूटकट 9 च्या पुढंमागं. ब्रँडप्रमाणे अर्धा इंच इकडंतिकडं होतो. हा आकडा डोक्यात ठेवूनच बेळगावच्या खडेबाजारात शिरा, आणि जी जीन्स घालणार तीच घालून जा. जमलं तर संध्याकाळी जा, दिवसभरात पाय थोडे फुगलेले असतात.

चप्पल घालून दिलेलं माप

ही खास आपल्याकडची चूक, आणि सर्वांत महागात पडणारी. अथणीची चप्पल आपल्या पायात मुरलेली. 2019 साली कोल्हापुरी चपलेला भौगोलिक मानांकन मिळालं त्यात अथणीचा बेळगाव जिल्हाही आहे. पण त्याच चपलेवर उभं राहून आपण जीन्सचं माप देतो. चपलेची टाच जेमतेम अर्धा इंच, बुटाची एक ते दीड. बूट घातले की पाय वर उचलला जातो, जीन्स तेवढीच वर जाते आणि बुटाचं तोंड उघडं पडतं. शहापुरात मी ज्यांच्याकडं जीन्स अल्टर करून घेतो ते मामा मला एकदा स्पष्टच म्हणाले, ‘बूट घालून या की ओ, चपलेवर कसं कळतंय मला?’

बूटकटच्या बाबतीत तर दुहेरी नुकसान. बूटकट गुडघ्याखाली हळूहळू पसरत जाते, आणि तो पसारा असतोच बुटावरून सरळ खाली पडण्यासाठी. उंची कमी म्हणून खालून तीन-चार इंच कापले की सगळ्यात रुंद भागच कचऱ्यात जातो. हातात उरते ती धड स्ट्रेट नाही, धड बूटकट नाही. माझ्यासारखी उंची बेताची असेल तर लांबीचे पर्याय मिळतात तिथूनच बूटकट घ्या, नाहीतर नादाला लागू नका. मागून टाचेपाशी जमिनीपासून अर्धा इंच वर थांबली की लांबी बरोबर. त्याहून लांब ठेवलीत तर पावसाळ्यात तांबडा चिखल कडेनं वर चढतो, आणि ते डाग सहजी जात नाहीत.

कुठल्या जीन्सवर काय

स्किनी आणि स्लिमवर चेल्सी बूट चालतो. दोन्ही बाजूंना इलॅस्टिक, लेस नाही, तोंड घट्ट. लंडनच्या जोसेफ स्पार्क्स हॉल या चर्मकारानं 1851 मध्ये या इलॅस्टिकच्या बुटाचं पेटंट घेतलं, आणि आजही त्याचा सगळा डौल त्या पट्टीवर अवलंबून आहे. पट्टी सैल पडली की बूट घोट्यापाशी तोंड वासतो. घेताना ताणून सोडा. लगेच जागेवर यायला हवी. मागची ओढायची पट्टी मात्र जीन्सच्या आत नीट गेली का बघा. ती बाहेर आली की जीन्सची कड तिथं अडकून बसते, आणि दिवसभर आपण वाकून ती सोडवत राहतो.

स्ट्रेट जीन्स सगळ्यांत समजूतदार. लेसचे वर्क बूट, दोन-तीन भोकांचे, घोट्यापर्यंतचे चक्का बूट, काहीही घाला. दुमडायची असेल तर एकदाच, दीड इंच. माझ्यासारख्या दोन दुमडी नकोत.

बॅगी आणि वाइड लेगचं उलट. नाजूक चेल्सी त्याखाली गडप होतो, नुसतं टोक बाहेर डोकावतं. तिथं गोल टोकाचा, जाड सोलचा बूटच पाहिजे. निपाणीत फसलेले माझे बूट आता भाची वाइड लेगवर घालते आणि तिला ते मस्त शोभतात.

आखूड मॉम जीन्सवर (उंच कमरेची, मांडीत सैल) अँकल बूट घालताना मुली एक गफलत करतात: बुटाचं तोंड आणि जीन्सची कड नेमकी एकाच रेषेत. पाय तिथंच कापल्यासारखा दिसतो. एकतर बूट जीन्सच्या आत जाऊ दे, नाहीतर मध्ये दोन बोटं जागा सोडा.

आरशासमोर उभं राहून फसू नका

दुकानात आपण उभे असतो, पण जन्म जातो बाईकवर. गुडघा वाकला की जीन्स दोन-तीन इंच वर सरकते. तिसऱ्या रेल्वे गेटपाशी ताटकळताना मोजा वर दिसतो आणि बुटाचं तोंड हसतं. म्हणून स्टुलावर बसून बघा. दुसरं, गिअरचा दांडा डाव्या बुटाच्या वरच्या बाजूला घासून काळा पट्टा पाडतो. फिक्या टॅन रंगावर तो महिन्याभरात उठतो. दांड्यावर रबर चढवा, नाहीतर गडद तपकिरी घ्या.

नव्या गडद निळ्या जीन्सबरोबर फिका स्वेड, म्हणजे मखमलीसारख्या लवदार चामड्याचा बूट, घालण्याची घाई करू नका. नीळ धाग्याच्या पोटात पूर्ण शिरत नाही, वरवर बसते, म्हणून घासली की उतरते. आधी जीन्स उलटी करून दोन-तीनदा थंड पाण्यात धुवा. डाग पडलाच तर स्वेड कोरडा ठेवून ब्रश आणि स्वेडच्या खोडरबरानं हलकं घासा. ओल्या फडक्यानं पुसलात तर निळा भाग आणखी पसरेल.

जून ते सप्टेंबर स्वेड कपाटातच ठेवा. खानापूर-जांबोटीकडं राहणाऱ्यांना हे सांगायला नको. चामड्याचे बूट भिजले तर चुलीपाशी किंवा कडक उन्हात ठेवू नका, चामडं तडकतं. आत वर्तमानपत्राचे बोळे कोंबा, दोन तासांनी बदला, पंख्याच्या वाऱ्याला ठेवा. पांढरी बुरशी आली तर घराबाहेर नेऊन झाडा, कोरड्या फडक्यानं पुसा आणि मग पॉलिश.

आणि पीयू (पॉलीयुरेथेन, एक हलकं प्लॅस्टिक) सोलचे बूट ‘जपून’ ठेवू नका. दमट हवेत पीयू आतून कुजतं, बूट न घालताही. चार-पाच वर्षांनी लग्नाला म्हणून काढाल आणि मांडवात पोचेपर्यंत सोलचा भुगा होईल. चांभाराकडं नेलात तर तो सोल अंगठ्यानं दाबतो, चुरा खाली पडतो, आणि तो बूट न बोलता परत हातात देतो.